कामाचा दर कोण ठरवतो?

मालेगाव किंवा भिवंडीत यंत्रमागावर उभ्या राहणाऱ्या कामगाराला महिन्याचा पगार नसतो. जितके कापड निघाले तितकी मजुरी. वीज गेली, सूत आले नाही, शेठने माग बंद ठेवला, तर त्या दिवसाची कमाई शून्य. धारावी-गोवंडीतल्या जरीच्या कारागिराचे तेच आणि घरात बसून मणी-टिकल्यांचे काम करणाऱ्या बाईचेही तेच. माल ठेकेदार आणतो, तोच नेतो आणि नगाचा दरही तोच सांगतो. ती बाई आयुष्यभर काम करते, पण तिला विचारा, तर ती म्हणते, “मी काही करत नाही, घरीच असते.”

आज त्याच घरातली मुलगी लॅपटॉप उघडून बसली आहे. कुणी लोगो बनवते, कुणी इंग्रजी मजकुराचे मराठी-उर्दू भाषांतर करते, कुणी एखाद्या दुकानाचे हिशेब टॅलीत भरते, कुणी व्हिडिओ कापून-जोडून देते. याला फ्रीलान्सिंग म्हणतात. शब्द नवा आहे, खोली तीच आहे आणि मजुरीची पद्धतही तीच आहे: जितके काम, तितका दाम. म्हणून या अंकात आम्ही जो प्रश्न विचारतो आहोत तो लॅपटॉपचा नाही. कामाचा दर कोण ठरवतो, पैसे कुणाच्या खात्यात जातात आणि काम नसलेल्या महिन्यात घर कशावर चालते, हा प्रश्न आहे. याची उत्तरे आईच्या वेळी होती तीच राहिली, तर जग बदलले असे म्हणण्यात अर्थ नाही.

आपल्या समाजाशी या प्रश्नाचे नाते जुने आहे. २००६ च्या सच्चर समितीच्या अहवालाने नोंदवले होते की, मुस्लिम कामकऱ्यांपैकी सुमारे ६१ टक्के लोक स्वयंरोजगारात आहेत. हिंदू कामकऱ्यांत हे प्रमाण सुमारे ५५ टक्के होते. स्त्रियांमध्ये तर ते ७३ आणि ६० असे होते. म्हणजे ‘स्वतःचे काम’ ही आपल्यासाठी नवी फॅशन नाही. गॅरेज, भंगार, शिवणकाम, बेकरी, फळांची गाडी, वेल्डिंग यांवरच आपली घरे चालत आली. उणीव मेहनतीची कधीच नव्हती. उणीव होती कागदाची, हिशेबाची, बँकेच्या पतीची आणि संघटनेची.

दुसरे कारण अधिक कडू आहे. २००७ साली सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. खासगी कंपन्यांच्या जाहिरातींना सारख्याच पात्रतेचे अर्ज पाठवले, फक्त नावे वेगळी ठेवली. मुस्लिम आणि दलित नावांच्या अर्जांना पुढचे बोलावणे कमी आले. आपल्या तरुणांना हे अभ्यासातून कळावे लागत नाही. ते त्यांनी भोगलेले असते. म्हणून ज्या बाजारात ग्राहक आधी कामाचे नमुने आणि जुन्या ग्राहकांचे शेरे बघतो, तो बाजार त्यांना मोकळा वाटतो. तिथेही नाव दिसते आणि पूर्वग्रह सीमेपलीकडेही असतात. तरीही एका कंपनीच्या दारावर थांबण्यापेक्षा शंभर ग्राहकांपुढे काम मांडता येते, हा फरक खरा आहे.

इथवर आशेची बाजू झाली. आता मोहाची.

‘घरबसल्या महिन्याला लाख रुपये’ असे सांगणारे वर्ग मोहल्ल्यामोहल्ल्यात निघाले आहेत. त्यातल्या अनेकांची कमाई फ्रीलान्सिंगची नसून वर्गाच्या फीची असते. त्याहून वाईट म्हणजे उघड फसवणूक. ‘डेटा एंट्रीचे काम देतो, आधी नोंदणी फी भरा’, ‘व्हिडिओला लाइक करा, पैसे मिळवा’, मग ‘मोठ्या टास्कसाठी थोडी रक्कम गुंतवा’. सुरुवातीला शे-दोनशे रुपये खरोखर येतात, विश्वास बसतो आणि मग आईने भिशीतून साठवलेले पन्नास हजार जातात. एक नियम घरातल्या प्रत्येकाने पाठ करावा: काम करणाऱ्याला पैसे मिळतात, काम मिळवण्यासाठी अनोळखी माणसाला पैसे द्यायचे नसतात. पैसे गेलेच, तर लाजेने गप्प न बसता लगेच १९३० या सायबर मदत क्रमांकावर कळवावे. जितका उशीर, तितकी रक्कम परत मिळण्याची आशा कमी.

मग नियमित, पूर्णवेळ उत्पन्न उभे कसे राहते? जे टिकतात त्यांच्या पद्धतीत काही गोष्टी समान आढळतात.

पहिली गोष्ट, एकच कौशल्य आणि तेही नेमके. ‘मी सगळे करतो’ म्हणणाऱ्याला सगळ्यात स्वस्त काम मिळते. ‘मी डॉक्टरांच्या दवाखान्यांसाठी वेबसाइट बनवतो’, ‘मी शालेय पुस्तके इंग्रजीतून मराठी आणि उर्दूत आणते’ असे सांगणारा लक्षात राहतो. आपल्याकडे एक भांडवल पडून आहे, ते म्हणजे भाषा. मराठी शाळेत शिकलेला, घरात उर्दू किंवा दखनी बोलणारा, हिंदी-इंग्रजी जाणणारा मुलगा चार भाषांत वावरतो आणि त्याला ते कौशल्य वाटतच नाही. उर्दूची अक्षरजुळणी, उपशीर्षके, दोन भाषांतली पत्रके, आवाजाचे मजकुरात रूपांतर ही कामे भाषा जाणणाराच नीट करतो. एक इशारा मात्र हवा. २०२२ च्या नोव्हेंबरात चॅटजीपीटी आल्यापासून साधे लेखन आणि साधे भाषांतर यांचा भाव उतरला आहे. यंत्र जे फुकट देते, ते विकून घर चालणार नाही. यंत्राने केलेले तपासणे, त्यातली चूक पकडणे, कायद्याच्या किंवा औषधाच्या मजकुराची जबाबदारी घेऊन खाली आपले नाव लिहिणे, याला दाम आहे. तिथे पोहोचायला दोन-तीन वर्षांची उस्तादी लागते.

दुसरी गोष्ट, दराचे गणित. बहुतेक जण समोरचा म्हणेल तो दर घेतात, कारण स्वतःचा दर त्यांनी कधी काढलेलाच नसतो. तो काढणे अवघड नाही. समजा, घरखर्चाला महिन्याला ३०,००० रुपये हवेत. इंटरनेट, वीज, लॅपटॉपची झीज, आरोग्य विमा यांचे ६,००० धरा. काम नसलेल्या महिन्यांसाठी ४,००० बाजूला टाका. झाले ४०,०००. प्लॅटफॉर्म १० टक्के कापत असेल, तर ग्राहकाकडून सुमारे ४४,५०० रुपये यायला हवेत. फायवरसारखा प्लॅटफॉर्म २० टक्के घेतो, तिथे ५०,०००. आता तास मोजा. रोज आठ तास, महिन्याला पंचवीस दिवस, म्हणजे २०० तास. पण यातला जवळजवळ निम्मा वेळ काम शोधण्यात, बोलण्यात, दुरुस्त्यांत, बिल मागण्यात जातो. पैसे मिळवून देणारे तास १००. म्हणजे दर तासाला ४४५ ते ५०० रुपये. भाषांतर करणारी मुलगी तपासणीसह तासाला ४०० शब्द पुरे करत असेल, तर १० टक्के कपातीच्या ठिकाणीही तिचा दर शब्दाला एक रुपया दहा पैशांच्या खाली जाता कामा नये. कुणी वीस पैसे शब्द म्हणाला, तर ते काम तिला तासाला ८० रुपये देते आणि त्यातूनही कमिशन जाते. हे गणित वहीत लिहिलेले असले की नकार द्यायला हिंमत लागत नाही, वही पुरते.

तिसरी गोष्ट, नवे ग्राहक कमी आणि जुने ग्राहक जास्त. नियमितपणा प्लॅटफॉर्म देत नाही. महिन्याला ठरावीक काम देणारे तीन-चार ग्राहक तो देतात. दर महिन्याला दहा अनोळखी माणसांच्या मागे धावणारा थकतो. एका दुकानाचे मासिक हिशेब, एका शाळेचे समाजमाध्यमांचे काम, एका प्रकाशकाची वर्षभराची पुस्तके असे बांधलेले काम असेल, तर पहिल्या तारखेला निम्मे उत्पन्न नक्की असते. त्यातही एक पथ्य आहे: एकूण उत्पन्नाच्या निम्म्याहून जास्त वाटा एकाच ग्राहकाचा नसावा. तो गेला, तर यंत्रमाग बंद पडल्यासारखेच होते, आणि तो असेपर्यंत दर तोच ठरवतो.

कोकणातल्या आणि मुंब्र्या-कुर्ल्यातल्या अनेक घरांचे नातलग आखातात आहेत. आजवर तिकडे माणसे पाठवली. आता काम पाठवता येते. दुबईचे घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे आहे, सौदीचे अडीच तास. अमेरिकन ग्राहकाची सकाळ म्हणजे आपली संध्याकाळ किंवा रात्र. महिनोन्महिने रात्री जागून काम करणाऱ्याची तब्येत आधी तक्रार करते आणि मग घर. आखातातल्या दुकानदाराला, ट्रॅव्हल एजंटला, छोट्या ठेकेदाराला आपली भाषा कळते, आपले तास जुळतात. चाचांना किंवा मामूंना ‘नोकरी बघा’ म्हणण्याऐवजी ‘माझ्या कामाचे नमुने दोन लोकांना दाखवा’ म्हणून पाहावे.

चौथी गोष्ट, कागद. आपला व्यवहार भरवशावर चालतो. जबान दिली म्हणजे झाले, ही सचोटी चांगलीच आहे, पण जबानीचा पुरावा नसतो. काम काय, किती, कधीपर्यंत, किती वेळा दुरुस्त्या, किती पैसे, कधी मिळणार, एवढे ईमेलवर लिहून घ्यावे. नव्या ग्राहकाकडून तीस ते पन्नास टक्के आगाऊ घ्यावेत. यात अविश्वास नाही. शिंपीही कापड कापण्याआधी बयाणा घेतो. कुराणातही देण्या-घेण्याचा व्यवहार लिहून ठेवण्याची ताकीद आहे, हे आपल्यातल्या धार्मिक मंडळींना वेगळे सांगायला नको.

पैसे अडकले तर? इथे एक कायदा आहे, जो फार थोड्यांना ठाऊक असतो. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांसाठीच्या २००६ च्या कायद्याचा लाभ सेवा देणाऱ्यालाही मिळतो. त्यासाठी उद्यम नोंदणी करावी लागते. ती सरकारी संकेतस्थळावर विनामूल्य होते, एजंटला पैसे देण्याची गरज नाही. नोंदणी असलेल्या छोट्या व्यावसायिकाला देशातल्या ग्राहकाने लेखी करार असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसल्यास १५ दिवसांत पैसे द्यायचे असतात. उशीर केल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागते आणि तक्रार सरकारी पोर्टलवर करता येते. ते व्याज घ्यावे की नाही, हे ज्याने त्याने आपल्या विवेकाने ठरवावे. मूळ रक्कम तरी हक्काची आहे. अनेकदा बिलाखाली उद्यम क्रमांक छापलेला दिसला, तरी चालढकल कमी होते.

कराचेही तसेच. ‘आपले उत्पन्न थोडे, रिटर्न कशाला?’ हा आपल्याकडचा जुना समज. देशातली कंपनी व्यावसायिक फी देताना बहुधा १० टक्के टीडीएस कापून घेते. रिटर्न भरले नाही, तर आपलेच पैसे सरकारजमा राहतात. तांत्रिक सल्ला, लेखापालन, अभियांत्रिकी अशा ठरावीक व्यवसायांना वर्षाची जमा ५० लाखांच्या आत असेल, तर जमेच्या निम्मी रक्कम उत्पन्न धरून सोप्या पद्धतीने कर भरता येतो; आपले काम त्यात बसते का, हे एकदा जाणकाराला विचारून घ्यावे. सेवा देणाऱ्याची उलाढाल २० लाखांच्या आत असेल, तर सर्वसाधारणपणे जीएसटी नोंदणी लागत नाही. यापेक्षा मोठी गोष्ट म्हणजे सलग तीन वर्षांची रिटर्न्स हीच फ्रीलान्सरची सॅलरी स्लिप असते. घर भाड्याने घेताना, कर्ज मागताना, व्हिसासाठी, आणि हो, स्थळ बघायला आलेल्यांनी ‘मुलगा पर्मनंट आहे का?’ विचारल्यावरही तोच कागद पुढे ठेवता येतो.

पाचवी गोष्ट, धीर. नोकरी असेल, तर ती पहिल्या मोठ्या ऑर्डरच्या आनंदात सोडू नये. आधी संध्याकाळी दोन तास. सलग सहा महिने घरखर्चाइतकी रक्कम बाहेरच्या कामातून येऊ लागली आणि किमान सहा महिन्यांचा खर्च बँकेत जमला, की मग राजीनामा. ज्याच्याकडे नोकरीच नाही त्यानेही सुरुवातीचे वर्ष शिकण्याचे धरावे आणि घराने त्याला ते वर्ष द्यावे.

इथे घराविषयी बोलणे भाग आहे, विशेषतः मुलींच्या संदर्भात. घरून काम होते म्हणून अनेक घरे मुलीला, सुनेला कमावायला ‘परवानगी’ देतात. बाहेर पडायला नको, लोकांचे बोलणे नको. पण ती घरात आहे म्हणजे मोकळी आहे, असे समजून दर दहा मिनिटांनी चहा, पाहुणे, भावाचा डबा तिच्याच वाट्याला येतात. ग्राहकाला दिलेली वेळ चुकते, शेरा वाईट पडतो आणि मग घरच म्हणते, “तुझ्याने काही होत नाही.” मुलाच्या कामाच्या वेळी दार लोटले जाते, मुलीच्या वेळी का नाही? दुसरी बाब पैशांची. तिची कमाई बाप, भाऊ किंवा नवऱ्याच्या खात्यात जात असेल, तर ती फ्रीलान्सर नव्हे, ती ठेकेदाराकडे राबणाऱ्या आपल्या आईचीच पुढची आवृत्ती आहे. स्वतःच्या नावाचे खाते, पॅन, त्याला जोडलेला स्वतःचा मोबाइल नंबर आणि त्याचा पासवर्ड स्वतःकडे, एवढे तरी तिला मिळालेच पाहिजे. घराला तिने हातभार जरूर लावावा. पण तो तिने दिलेला असावा, काढून घेतलेला नसावा. आणि घराबाहेर काम करायचे की घरात, हेही तिलाच ठरवू द्या. लॅपटॉप हा उंबरठ्याला लावलेला नवा अडसर ठरू नये.

शेवटी, हा सगळा भार एकेकट्या तरुणावर टाकून चालणार नाही. नीती आयोगाच्या २०२२ च्या अहवालाने २०२०-२१ मध्ये देशात ७७ लाख गिग कामगार असल्याचा आणि २०२९-३० पर्यंत ते २ कोटी ३५ लाख होतील, असा अंदाज मांडला आहे. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत ‘गिग कामगार’ आणि ‘प्लॅटफॉर्म कामगार’ हे शब्द कायद्यात पहिल्यांदा आले. प्लॅटफॉर्म कंपन्यांनी उलाढालीच्या १ ते २ टक्के रक्कम कल्याण निधीत द्यावी, अशी तरतूदही आहे. राजस्थानने २०२३ मध्ये स्वतःचा कायदा केला. या चर्चेत डिलिव्हरी करणारा आणि टॅक्सी चालवणारा दिसतो, कारण तो रस्त्यावर दिसतो. खोलीत बसून काम करणारी भाषांतरकार कुणाला दिसत नाही. तिचाही आजार, तिचेही बाळंतपण, तिचेही म्हातारपण या चर्चेत आले पाहिजे. महाराष्ट्रात हा प्रश्न मांडताना घरखेप कामगार आणि फ्रीलान्सर यांची मागणी एकत्र मांडावी, असे आम्हाला वाटते, कारण दोघांचे दुखणे एकच आहे.

आणि सरकारकडे बोट दाखवताना आपल्या हातातली कामे विसरू नयेत. मोहल्ल्याच्या ग्रंथालयात, शाळेच्या वर्गात संध्याकाळी चार टेबले, वीज आणि इंटरनेट देता येईल, जिथे मुलींनाही बसता येईल. आठवड्यातून एकदा एखादा सीए किंवा वकील तासभर बसू शकेल. शिष्यवृत्तीच्या पैशांतून लॅपटॉप देता येतील. कमावणाऱ्या पाच जणांनी प्रत्येकी दोघांना हाताखाली घ्यावे. उस्ताद-शागिर्दाची परंपरा आपल्या कारखान्यांत होतीच, ती पडद्यावर आणायची आहे. आणि एकमेकांना किमान दर सांगावा. एकाने वीस पैशांत होकार दिला की, दहा जणांचा दर पडतो.

ठेकेदार आता दारात येत नाही, ॲपमधून येतो. त्याच्यासमोर आपण कोणत्या हिशेबाने बसतो, यावर पुढच्या पिढीचे ‘मी काही करत नाही, घरीच असते’ हे वाक्य बदलणार की नाही, ते ठरेल. तिने म्हणावे, “मी काम करते. हा माझा दर.”